भाच्याचं लग्न लागलं जर्मनीत, जेवण नाशकात. अधिक महिन्यात या!

इंदिरानगरची_मावशी

मंडळी, बातमी पोटात ठेवून ठेवून पोट दुखायला लागलंय, म्हणून आज इथे सांगून टाकते. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा श्टुटगार्टला असतो. गेल्या दिवाळीच्या आधी त्याचं लग्न झालं. जावई तिकडचाच, शाळेत गणित शिकवतो. हो, जावईच म्हणतेय मी. दोघंही मुलगेच आहेत, आणि लग्न अगदी सरकारी कार्यालयात, अधिकाऱ्यासमोर, सही-शिक्क्यानिशी झालंय.

जर्मनीत १ ऑक्टोबर २०१७ पासून असं लग्न कायद्याने होतं. त्याच वर्षी ३० जूनला त्यांच्या संसदेत मतदान झालं, बाजूने ३९३ आणि विरोधात २२६. गंमत म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सरकारप्रमुख मर्केलबाईंनी स्वतः विरोधात मत दिलं. पण पक्षाचा आदेश न पाळता प्रत्येकाने आपल्या मनाला विचारून मत द्यावं, ही वाट त्यांनीच आधी मोकळी केली होती. म्हणजे बाई हरल्या की जिंकल्या, यावर आमच्या घरात अजून वाद चालू आहे.

आता असं नका समजू की तिकडे गेले, सही केली आणि झालं. भारतातले कागद जर्मन कार्यालय असेच मान्य करत नाही. जन्मदाखला खरा आहे का, मुलगा खरंच अविवाहित आहे का, हे तपासायला त्यांच्या वकिलातीने नेमलेला माणूस इथे येऊन चौकशी करतो. तो पंचवटीत बहिणीच्या वाड्यावर आला तेव्हा बहीण नेमकी बाजारात गेलेली. मग त्याने शेजारच्या काकूंना विचारलं, की मुलाचं आधी लग्न झालंय का? काकू म्हणाल्या, "छे हो, अजून कुठलं? चांगलं स्थळ असेल तर सुचवा." त्याने ते लिहून घेतलं की नाही देव जाणे, पण कागद मंजूर झाले. त्या काकूंना आम्ही पहिलं आमंत्रण देणार आहोत.

आता मुद्द्याचं. दोघं यंदा मे अखेरीस येतायत, जावयाच्या शाळेला पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची दोन आठवड्यांची सुट्टी असते तेव्हा. आणि पंचांग काढून बघितलं तर १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ! बहिणीचा जीव वरखाली झाला, अधिक महिन्यात लग्नकार्य कसं करायचं म्हणून. मी म्हटलं, अगं लग्न तर झालंय, आता फक्त पंगत आहे. पंगतीला कुठला आलाय मुहूर्त? शिवाय अधिक महिन्यात हॉल रिकामे असतात, आचारी मोकळा असतो, आणि खर्चही कमी येतो. आणि धोंड्याचा महिना म्हणजे तर जावयाचाच महिना. तेहतीस अनारसे ताटात घालून दिव्यासकट वाण द्यायला एवढा चांगला योग पुन्हा तीन वर्षांनीच.

मेव्हण्यांचं काय, असं विचाराल. ते फारसे बोलत नाहीत. पण परवा गंगापूर रोडला हॉल बघायला गेलो, तर पार्किंगला किती गाड्या बसतात हे त्यांनी स्वतः खाली उतरून मोजलं. माझ्या दृष्टीने विषय संपला.

पत्रिका छापायला टाकल्या तेव्हा मात्र छापणाऱ्याचा फोन आला, "ताई, वधूचं नाव राहिलंय, उद्या प्लेट जायचीय." मी समजावून सांगितलं. तो थोडा वेळ गप्प, मग म्हणाला, "मग गणपती कुठला टाकू, डावीकडचा की मधला?" असा धंदा करावा माणसाने.

तर या धाग्यावर मला तीन-चार गोष्टी हव्यात. एक तर अभिनंदन, ते निःसंकोच करा. आमरसाला अचूक अंदाज देणारा कुणी अनुभवी असेल तर सांगा, दोनशे पानं धरलीत. आणि ज्यांना कायद्यातलं कळतं त्यांनी हेही सांगा, की तिकडचा हा कागद इथे, नाशकात, कितपत कामाचा?

पिंपळपार

अभिनंदन मावशी! आणि त्या छापखान्याचा पत्ता द्या, अशी माणसं टिकली पाहिजेत.

आमरस: माणशी दोन वाट्या धरा आणि वर पाव भाग जास्त. आमच्याकडची माणसं तिसरी वाटी "नको नको" म्हणत घेतात. पुऱ्या कमी चालतील, कुरडया जास्त ठेवा. आणि जर्मन जावयाला भर उन्हात फेटा बांधून बसवू नका, मे महिन्यातलं नाशिक आता पूर्वीसारखं थंड राहिलेलं नाही.

एक गंभीर शंका. दोन्हीकडचे लोक वरपक्ष, मग मानपान कुणी कुणाचा करायचा? रुसून कोण बसणार?

सातपूरवाला

लय भारी बातमी. श्टुटगार्ट म्हटलं की आमच्या सातपूरला घरचं वाटतं. बॉशचं मूळ गाव ते, आणि इथल्या कारखान्यातली किती माणसं तिकडे शिकायला जाऊन आली. आमचे एक जुने सुपरवायझर सांगायचे, तिकडे दोन बाप्ये हातात हात घालून फिरतात आणि कुणी वळूनसुद्धा बघत नाही. आम्ही जेवणाच्या सुट्टीत हसायचो. आता त्यातलंच एक जोडपं अनारसे खायला येतंय म्हणजे मजा आहे.

पिंपळपार, रुसायला मामा असतोच की. तो दोन्हीकडून रुसतो.

पंचवटीकर_आजोबा

मुलगा सुखात आहे याचा मलाही आनंद. त्याच्या खाजगी आयुष्याविषयी मला एक अक्षर बोलायचं नाही. पण प्रश्न विचारतो, राग मानू नये. आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा विवाहाला मान्यता दिलेली नाही. मग 'विवाहानिमित्त' अशी पत्रिका छापून गावजेवण घालणं कितपत योग्य? घरातल्या घरात चार माणसं बोलावली असती तर? विवाह हा दोन माणसांचा करार नसून दोन कुळांचा संस्कार आहे, असं आम्ही मानत आलो. संस्काराला अग्नी लागतो, कार्यालयाचा शिक्का नव्हे.

वकिली_चष्मा

मावशी, अभिनंदन. आधी आजोबांच्या मुद्द्यातली तथ्यं, मग तुमचा प्रश्न.

निकाल आहे १७ ऑक्टोबर २०२३ चा, सुप्रियो विरुद्ध भारत सरकार. पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ होतं. विवाह हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत अधिकार नाही, आणि विशेष विवाह कायदा, १९५४ (धर्म न बघता नोंदणीने लग्न करायचा) न्यायालय स्वतः बदलून वाचू शकत नाही, यावर पाचही जणांचं एकमत झालं. मतभेद झाला तो पुढे. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल म्हणाले की अशा जोडप्यांच्या सहजीवनाला सरकारने काहीतरी कायदेशीर ओळख द्यायला हवी. न्या. भट, न्या. कोहली आणि न्या. नरसिंह यांनी ते मानलं नाही. तीन विरुद्ध दोन. फेरविचाराच्या याचिका ९ जानेवारी २०२५ ला फेटाळल्या गेल्या. आता चेंडू संसदेच्या अंगणात आहे, आणि संसदेला घाई दिसत नाही.

पण आजोबा, मान्यता नाही म्हणजे मनाई आहे असं नव्हे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम होतं, त्याखालचा गुन्हा ६ सप्टेंबर २०१८ ला गेला. दोन सज्ञान पुरुषांनी एकत्र राहणं, हार घालणं, सप्तपदी करणं, दोनशे माणसांना आमरस वाढणं यातलं काहीही बेकायदा नाही. पत्रिकेवर विवाह छापला म्हणून कुणी नोटीस पाठवत नाही. फक्त त्या विवाहातून इथे हक्क निर्माण होत नाहीत.

म्हणून मावशींना उत्तर: तो जर्मन कागद जर्मनीत आणि युरोपात बऱ्याच ठिकाणी सोन्याचा. इथे परदेशी विवाह कायद्याखाली त्याची नोंद सध्या होत नाही. भारतीय नागरिकाशी लग्न केलेल्या परदेशी जोडीदाराला दोन वर्षांनंतर ओसीआय कार्ड (व्हिसाशिवाय भारतात येण्या-राहण्याचं) मागता येतं, तो रस्ता यांच्यासाठी अजून सरळ झालेला नाही. तेव्हा जावई पर्यटक व्हिसावरच येणार.

इंदिरानगरची_मावशी

वकीलसाहेब, आभार. पर्यटक व्हिसाच काढलाय. जावई म्हणून येणार आणि फॉर्मवर 'पर्यटन' लिहिणार. पांडवलेणी दाखवूच, म्हणजे खोटंही ठरणार नाही.

आजोबा, राग बिलकुल नाही. पण 'घरातल्या घरात चार माणसं' हे मला नाही पटत. माझ्या बहिणीने पंचवटीत चाळीस वर्षं प्रत्येकाच्या मुंजीला, डोहाळजेवणाला, पोरीच्या पाठवणीला आहेर नेलाय. तिच्या घरचं कार्य आलं की ते दार लावून करायचं? का? आणि अग्नीचं म्हणाल तर रजिस्टर पद्धतीने लग्न केलेली दोन जोडपी आमच्याच घरात आहेत. त्यांच्या पत्रिकेवर तुम्ही शंका घेतली नसती. कुळांचं म्हणाल तर जावयाची आई येतेय, वय बहात्तर, आणि तिने तीन महिने आधीपासून विचारायला सुरुवात केलीय की नवऱ्यामुलाच्या आईने काय रंग नेसायचा असतो. येवल्याची पैठणी घेतलीय तिच्यासाठी. दोन कुळं जुळायला याहून काय हवं?

उगाच_एक

हे सगळं पाश्चात्य फॅड आहे. पैसा असला की सुचतं. पुढच्या पिढीने काय आदर्श घ्यायचा?

जुनी_वही

उगाच_एक, फॅडचा हिशेब थोडा उलटा आहे. ३७७ कलम १८६० च्या दंडसंहितेतलं, म्हणजे इंग्रजांनी आणलेलं. त्यांनी स्वतःच्या देशात ते केव्हाच काढलं, आपण २०१८ पर्यंत सांभाळलं. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याची धार काढली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परत लावली, मग २०१८. आता १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता आहे तिच्यात ते कलमच नाही.

आणि जर्मनी काही जन्मापासून उदार नव्हती. त्यांचं १७५ वं कलम होतं, दोन पुरुषांच्या संबंधांना गुन्हा मानणारं. नाझी काळात त्याच कलमाखाली हजारो माणसं तुरुंगात आणि छळछावण्यांत गेली. युद्ध संपल्यावरही पश्चिम जर्मनीत ते तसंच राहिलं, १९६९ मध्ये सैल झालं, आणि पुस्तकातून पूर्ण पुसलं गेलं ते १९९४ साली. म्हणजे मावशींचा जावई शाळेत जायच्या वयाचा असेल किंवा जन्मला असेल तेव्हा. २००१ मध्ये त्यांनी नोंदणीकृत सहजीवन आणलं, आणि सोळा वर्षांनी लग्न. नेदरलँड्स मात्र १ एप्रिल २००१ लाच थेट लग्नावर पोचलं होतं, जगात पहिलं.

'पाश्चात्य' म्हणणाऱ्यांनी पूर्वेकडेही बघावं. तैवानमध्ये मे २०१९ पासून, थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून. आणि शेजारच्या नेपाळात २०२३ च्या जूनमध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, नोव्हेंबरात लमजुंग जिल्ह्यात पहिली नोंद झालीसुद्धा. नाशिकहून काठमांडूला पशुपतिनाथाच्या दर्शनाला दरवर्षी बसा जातात. फॅड त्याच बसने आलं असेल.

पिंपळपार

शेवटच्या वाक्याला टाळ्या.

नाशिकरोडची_ती

मी इथे कधी लिहीत नाही, वाचते फक्त. आज लिहिते.

मावशी, मनापासून अभिनंदन. तुमचा लेख वाचून आनंद झाला आणि थोडी चिडही आली, तुमच्यावर नाही. मी आणि माझी जोडीदारीण नाशिकरोडला राहतो. ती नोकरी करते, मी घरून काम करते. सोसायटीत आम्ही 'मैत्रिणी'. घर भाड्याने मिळायला हेच बरं पडतं. दोन मुली एकत्र राहतात म्हटलं तर घरमालक 'मुलगे येणार नाहीत ना' एवढंच विचारतो. आम्ही मान हलवतो. एवढं खरं उत्तर आम्ही आयुष्यात कुणाला दिलं नसेल.

तिला श्टुटगार्टला जायचं नाही. तिचे आईवडील इथे आहेत, वडिलांना डायलिसिसला न्यावं लागतं, आठवड्यात दोनदा, आणि नेते मी. तिच्या सख्ख्या भावाला त्या मशीनचं तोंडही माहीत नाही. पण गेल्या पावसाळ्यात तिचं स्वतःचं अपेंडिक्सचं ऑपरेशन निघालं, रात्री दीड वाजता, तेव्हा दवाखान्यात संमतीच्या कागदावर 'नातं' या रकान्यापाशी पेन थांबलं. काउंटरवरची बाई म्हणाली, नातेवाईक कुणी असेल तर बोलवा. भावाला फोन केला, तो येईपर्यंत ती पोट धरून बाकावर. भाऊ आला, न वाचता सही केली आणि परत झोपायला गेला.

म्हणून मला 'कागद काय करायचाय, प्रेम महत्त्वाचं' असं कुणी म्हटलं की डोकं फिरतं. प्रेम आहेच हो आमच्याकडे, पोतंभर. सही करायचा अधिकार हवाय.

जेवायला यायला आवडेल. दोघी येऊ. मैत्रिणी म्हणून नाही.

इंदिरानगरची_मावशी

अगं दोघी या, हक्काने या. आणि वाण तुलाही देईन. तू त्या घरची काय लागतेस हे शास्त्रात सापडत नाही, पण डायलिसिसला नेणाऱ्याला तेहतीस काय, सहासष्ट अनारसे दिले पाहिजेत.

मी बँकेत होते. खात्यात वारस म्हणून कुणाचं नाव आहे आणि माणूस गेल्यावर काउंटरवर कोण येतं, यातली तफावत मी नोकरीभर बघितलीय. वकीलसाहेब, हिच्यासारख्यांना आज, आत्ता, कायदा न बदलता काय करता येईल ते नीट लिहा ना. माझ्या भाच्यापेक्षा ते जास्त गरजेचं आहे.

अबोली

मी एका एकोणीस वर्षांच्या मुलाची आई. एवढंच लिहिते. मावशी, तुमच्या बहिणीला केव्हा कळलं आणि तिने तेव्हा काय केलं?

इंदिरानगरची_मावशी

अबोली, २०१८ च्या सप्टेंबरात. निकाल आला त्या दिवशी टीव्हीवर झेंडे नाचत होते. भाचा तेव्हा पुण्यात होता. त्याने रात्री फोन करून आईला विचारलं, बातम्या बघितल्यास का? ती म्हणाली बघितल्या. तो म्हणाला, त्यातलाच मी एक. तिने फोन ठेवला. पुढचे दोन महिने घरात जे झालं ते फार चांगलं नव्हतं. ज्योतिषी झाला, एका 'समुपदेशका'कडे नेऊन झालं, ज्याने मुलगी बघायला सांगितलं. भाच्याने ऐकून घेतलं आणि घरी यायचं बंद केलं. मग ती एकटीच पुण्याची बस धरून गेली, त्याच्या खोलीवर राहिली, डबा करून दिला, आणि परत आली. काय बोलणं झालं हे मला दोघांनीही सांगितलं नाही.

तुझ्या मुलाने तुला काही सांगितलं असेल तर लगेच उत्तर द्यायची सक्ती नाही, पण ज्योतिष्याकडे आणि मुलगी सुचवणाऱ्याकडे तरी नेऊ नकोस. 'बदलून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टरकडे तर अजिबात नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच असे उपचार हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवलाय. मोकळेपणाने बोलायला माणूस हवा असेल तर मुंबईचा हमसफर ट्रस्ट १९९४ पासून काम करतो. आणि मी आहेच, मला इथल्या निरोपात लिही.

अबोली

लिहिते आज रात्री.

देवळालीचा_दादा

वकीलसाहेबांच्या माहितीत एक भर. मी ट्रान्स पुरुष आहे, म्हणजे जन्माच्या वेळी नोंद मुलगी अशी झाली होती, आता ओळखपत्रावर पुरुष. २०२३ च्या निकालात पाचही न्यायमूर्तींनी एक गोष्ट मान्य केली, की ट्रान्स व्यक्ती आणि तिचा विरुद्धलिंगी जोडीदार यांचं लग्न आत्ताच्या कायद्यांतच होऊ शकतं. माझं आणि बायकोचं तसंच झालं, विशेष विवाह कायद्याखाली, तीस दिवसांची नोटीस फळ्यावर लावून. ती नोटीस मोठी डोकेदुखी. फळ्यावरचं वाचून कोण कुठल्या काकांना फोन करेल, या भीतीने तीस दिवस झोप नाही. त्यामुळे सरसकट 'काहीच नाही' म्हणून कुणी नाउमेद होऊ नका. आधी आपली परिस्थिती नेमकी कुठल्या खणात बसते ते बघा.

जेवण शाकाहारीच आहे का? असो.

संपादक

दोन प्रतिसाद काढले आहेत. मतभेद चालतील, कुणाच्या आईवडिलांवर जाऊ नये. उगाच_एक, ही शेवटची सूचना.

वकिली_चष्मा

नाशिकरोडच्या ताईंसाठी, आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांसाठी. जरा लांबेल.

बँक: दोघींचं संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकींना नॉमिनी करायला काहीच अडचण नाही. अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ ला तसं स्पष्ट केलंय. शाखेत कुणी नाक मुरडलं तर ते पत्रक दाखवा. शिधापत्रिकेसाठीही एकत्र राहणाऱ्या अशा जोडीदारांना एकच कुटुंब धरावं, असं केंद्राने राज्यांना कळवलंय.

पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे शंभर वेळा सांगतो. नॉमिनी पैसे हातात घेतो, हक्क वारसांचा राहतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअरच्या बाबतीतही हेच सांगितलं. म्हणून मृत्युपत्र. कोऱ्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही (पण करा, दुय्यम निबंधकाकडे फार खर्च येत नाही). दोन साक्षीदार हवेत, त्यांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं. जिला मिळायचं तिला साक्षीदार करू नका. शक्य झालं तर एक साक्षीदार तुमचा नेहमीचा डॉक्टर घ्या, म्हणजे उद्या भाऊ 'ती शुद्धीत नव्हती' म्हणू शकणार नाही. स्वतः कमावलेल्या मिळकतीत भावाचा विचार करायचं काहीच बंधन नाही.

घर एकीच्या नावावर असेल आणि दुसरीला बक्षीसपत्राने द्यायचं असेल तर थांबा. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याला, बायकोला, मुलाला, नातवंडांना बक्षीस दिलं तर मुद्रांक दोनशे रुपये. तुमच्यात ते नातं कागदावर नाही, म्हणून खरेदीखतासारखा टक्क्यांतला मुद्रांक भरावा लागेल. वर प्राप्तिकर, कारण नातेवाईक नसलेल्याकडून पन्नास हजारांच्या वर मिळालं की ते उत्पन्न धरतात. या प्राप्तिकराच्या तरतुदीला एका जोडप्याने २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलंय. तोवर नवीन घर घ्याल तेव्हा पहिल्यापासून दोघींच्या नावे घ्या.

भविष्यनिर्वाह निधी ही खरी अडचण. त्यांच्या व्याख्येत बसणारं कुटुंब तुम्हाला असेल, उदाहरणार्थ तुमच्यावर अवलंबून असलेले आईवडील, तर बाहेरच्या व्यक्तीचं नामांकन ग्राह्य धरत नाहीत. तिथे आज तरी मार्ग नाही, त्याची भरपाई विमा आणि मृत्युपत्राने करायची.

दवाखान्याचं: वैद्यकीय मुखत्यारपत्र करून ठेवा आणि त्याची प्रत फाइलमध्ये, मोबाइलमध्ये, दोन्हीकडे ठेवा. तातडीच्या वेळी कुठलाही दवाखाना ते झिडकारू शकतो, हे मान्य, पण रात्री दीड वाजता नुसतं 'मैत्रीण' म्हणण्यापेक्षा शिक्क्याचा कागद बरा. सोबत आगाऊ वैद्यकीय निर्देशही करा, म्हणजे आपल्याला बोलता येत नसेल तेव्हा कुठले उपचार करायचे आणि कुठले थांबवायचे हे आधीच लिहून ठेवणं. २०२३ च्या जानेवारीपासून त्यासाठी न्यायदंडाधिकारी लागत नाही, दोन साक्षीदार आणि नोटरी पुरे, आणि आपल्या वतीने कोणी निर्णय घ्यायचा त्या व्यक्तीचं नाव त्यात घालता येतं.

एक जोडपं लग्नाच्या दाखल्यावर जे एका सहीत मिळवतं, त्यासाठी तुम्हाला हा एवढा गठ्ठा करावा लागतोय. तो गठ्ठा करून देताना वकील म्हणून मला फी मिळते आणि तरीही लाज वाटते.

पंचवटीकर_आजोबा

वकीलसाहेबांचं वाचलं. दवाखान्याचा आणि निवृत्तीच्या पैशाचा भाग मला पटतो. ज्याने सेवा केली त्याचा त्यावर अधिकार असावा, त्यासाठी सरकारने वेगळा कायदा करावा. विवाह या नावाला माझा विरोध कायम आहे. नमस्कार.

नाशिकरोडची_ती

आजोबा, वेगळा कायदा तर वेगळा, आणा तरी कुणी. दोन न्यायमूर्ती तेवढंच म्हणत होते, तेही हरले.

वकीलसाहेब, आम्ही परवा बसून यादी केली. मृत्युपत्राच्या साक्षीदारांपाशी अडलो. दोघींना ओळखणारी आणि खरं नातं माहीत असलेली दोन माणसं या शहरात सापडेनात.

देवळालीचा_दादा

एक मी.

इंदिरानगरची_मावशी

दुसरी मी. बँकेत एवढ्या सह्या केल्या, ही आणखी एक.

वकीलसाहेब, तुम्ही जेवायला येणारच आहात. असं करू, पंगत बसायच्या आधी तुम्ही वीस मिनिटं याच विषयावर बोला. आमच्याकडे नवरा-बायको असलेल्यांपैकीसुद्धा निम्म्यांनी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यांनाही ऐकू दे.

वकिली_चष्मा

लग्नाच्या जेवणात मृत्युपत्रावर भाषण? तुमची बहीण मला हाकलेल. जेवणानंतर बोलतो.

पिंपळपार

दोन वाट्या आमरसानंतर तुम्हाला ऐकायला एकही माणूस जागा नसेल. आधीच उरका.